आत्येचे सात कोंबडे

पत्र

माझ्या नवऱ्याची आत्ये चैत्रात गेली. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे वाळपईजवळचं तिचं घर आणि परसातला कोंबड्यांचा लवाजमा आमच्याकडे आला. आम्ही जन्मभर पणजीत फ्लॅटमध्ये राहिलेली माणसं. मोजल्या तेव्हा 15 कोंबड्या आणि 7 कोंबडे निघाले. एक कोंबडी काळीकुट्ट आहे, दोघींच्या मानेवर पीस नाही, एकीची पिसं उलटी वळलेली आहेत. एक कोंबडा लाल-काळा, एक उंच आणि लांब मानेचा. दीर म्हणतात की काळी कडकनाथ आहे, लाल कोंबडा रानातला आहे, विकले तर चांगले पैसे येतील. कोंबडे दिवसभर भांडतात. तीन कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या आहेत. पांढरा कोंबडा माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर धावतो. शेजारी नवा बंगला झालाय, त्यांना पहाटेचं आरवणं सहन होत नाही. एक माणूस उंच कोंबड्याचे पाच हजार देतो म्हणाला. शिवाय आत्येने एक कोंबडा राखणदाराला, म्हणजे गावच्या रक्षक देवाला, बोलला होता म्हणे, कोणता ते कुणालाच माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

— सत्तरीतील एक वाचक

उत्तर

ताई, सुरुवात पांढऱ्या कोंबड्यापासून करा, आणि आजच करा. त्याला वेगळ्या डालग्याखाली किंवा जाळीत ठेवा. सहा वर्षांच्या मुलीचा चेहरा झेप घेणाऱ्या कोंबड्याच्या टप्प्यात येतो, आणि पायामागचा काटा डोळ्याला लागला तर काय होईल ते मी लिहायला नको. आधीच कुठे ओरखडा उठला असेल तर साबणाने धुऊन डॉक्टरला दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. खुराड्यातली माती लागलेली जखम आहे ती.

असा कोंबडा सुधारतो का, हे लोक नेहमी विचारतात. कोवळा, पाच-सहा महिन्यांचा आणि नुकताच अंगावर येऊ लागलेला असेल तर थोडी आशा असते. पाठ फिरवून पळायचं नाही, लाथही मारायची नाही; लाथ म्हणजे त्याच्या लेखी तुम्ही झुंज मान्य केलीत. मोठ्या माणसाने जागेवर उभं राहायचं, शांतपणे त्याला उचलून काखेत धरायचं आणि तो सैल पडेपर्यंत तसाच धरून परसात फिरायचं. पण दोन वर्षांचा, लांब काट्यांचा कोंबडा रोज पोरांवर धावत असेल तर हे प्रयोग करण्यात अर्थ नाही. स्वभाव बराचसा रक्तातून उतरतो. त्याची पिल्लं वाढवाल तर पुढच्या वर्षी असे तीन असतील. घरात लहान मूल आहे, तेव्हा माझ्या मते पांढऱ्याची वाट शागोतीच्या पातेल्याकडे जाते.

आता जातींचं. दिरांना सांगा, हिशेब जरा थांबवा. गावच्या परसातल्या बहुतेक कोंबड्यांना जात नसते, त्या गावठी असतात. त्यात गेल्या काही दशकांत गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, लेगहॉर्न अशी सगळी रक्तं मिसळली आहेत, कारण कुणी सरकारी योजनेतून पिल्लं आणली, कुणी बाजारातून. आत्येने काही वंशावळ लिहून ठेवलेली नसणार. तरी बघून बरंच कळतं. रात्री त्या दांडीवर बसल्या की टॉर्च घेऊन जा. अंधारात कोंबडी निमूट हातात येते. प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाची सैल दोरी बांधा, आणि तुरा, कानाची पाळी, पायांचा रंग, जीभ एवढं वहीत उतरवून घ्या.

काळ्या कोंबडीची चोच उघडून जीभ पाहा. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली कोंबडी. 2018 मध्ये झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिचं काळेपण पिसांपुरतं नसतं. तुरा, जीभ, कातडी, मांस, हाडांवरचं आवरण, सगळीकडे ते उतरलेलं असतं. तुमच्या कोंबडीचा तुरा लालभडक आणि पंखाखालची कातडी गोरी असेल तर ती नुसती काळ्या पिसांची कोंबडी आहे, फार तर ऑस्ट्रेलॉर्प या काळ्या परदेशी जातीचं रक्त असलेली. उन्हात पिसांवर हिरवी झाक मारते म्हणून ती कडकनाथ होत नाही. आणि कुणी काळी अंडी दाखवायला आणली तर त्याला बाहेरचा रस्ता दाखवा. कडकनाथचं अंडं फिकट बदामी असतं.

उघड्या मानेच्या दोघी आजारी नाहीत. मानेवर पिसं न येणं हा एका जनुकाचा गुण आहे आणि तो जोरकस आहे: आई किंवा बाप, एकाकडून आला तरी दिसतो. एकाकडूनच आला असेल तर मानेच्या पुढच्या बाजूला, खाली, पिसांचा छोटा झुपका राहतो. दोघांकडून आला असेल तर मान जवळपास साफ. अशा पक्ष्याच्या अंगावर एकूणच पिसं कमी असतात आणि उष्णता लवकर बाहेर पडते. एप्रिल-मेच्या आपल्या घामट हवेत बाकीच्या कोंबड्या चोच वासून बसतात तेव्हा या चरताना दिसतील. दिसायला गिधाडासारख्या आहेत हे खरं, पण मी असते तर परसातून सगळ्यात शेवटी त्यांना हलवलं असतं.

उलट्या पिसांचीही गोष्ट जनुकाचीच. दोन नियम पाळा. तिला पावसात भिजू देऊ नका, कारण वळलेल्या पिसांवरून पाणी घसरून जात नाही, थेट कातडीला लागतं. आणि उलट्या पिसांचाच कोंबडा तिला जोडू नका. दोघांकडून तो गुण आलेल्या पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ होतात की ती तुटून पिल्लू उघडं पडतं. अशा कोंबडीला भूतबाधा उतरवणारे शोधत येतात, तेव्हा अचानक एखादा अनोळखी माणूस जास्त भाव देऊ लागला तर कारण समजून घ्या.

लाल-काळा कोंबडा रानातला नाही. सत्तरीच्या आणि म्हादईच्या रानात जो फिरतो तो राखाडी रानकोंबडा. त्याचं अंग करडं, मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सुकल्यासारखे पिवळट-पांढरे ठिपके. लाल रानकोंबडा, ज्याच्यापासून मुख्यतः आपल्या कोंबड्या आल्या, तो उत्तर आणि पूर्व भारतातल्या रानांत असतो, गोव्यात नाही. म्हणजे तुमचा लाल-काळा हा जुन्या, मूळच्या रंगाचा गावठी कोंबडा आहे. तो खरंच करडा आणि ठिपकेवाला असता तर तुम्हाला पैसे मिळाले नसते, वनखात्याची नोटीस मिळाली असती; 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानकोंबडा पाळता किंवा विकता येत नाही. एक गंमत मात्र सांगते. तुमच्या ज्या कोंबड्यांचे पाय पिवळे आहेत त्यांच्यात रानातलं थोडं रक्त आहेच: पिवळ्या कातडीचं जनुक राखाडी रानकोंबड्याकडून पाळीव कोंबडीत आलं असावं, असं 2008 मध्ये एका जनुकीय अभ्यासात दिसून आलं. दिरांना तेवढं समाधान द्या.

उंच कोंबड्यात असीलचं, म्हणजे झुंजीच्या जातीचं, रक्त दिसतं. तुरा बुटका, वाटाणे ओळीने चिकटवल्यासारखा आहे का ते पाहा. कल्ले जवळपास नाहीत, पिसं अंगाला घट्ट, उभं राहणं शिपायासारखं ताठ, तर शंका नको. पांढऱ्याची कानाची पाळी पांढरी आणि तुरा मोठा, करवती दातांचा असेल तर तो लेगहॉर्नकडचा.

उरलेल्या कोंबड्यांत काही अंगाने जड, जाड पायांच्या, तपकिरी किंवा ठिपक्याठिपक्यांच्या असतील. त्या बहुधा गिरिराज किंवा वनराज वंशातल्या. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झाली, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयात. या संकरित आहेत, म्हणून त्यांची पिल्लं आईसारखी निघतीलच असं नाही, आणि त्या अंडी उबवायला खुडूकही क्वचितच बसतात. अंडी मात्र गावठीपेक्षा बरीच जास्त देतात. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते आणि मग खुडूक बसते, म्हणून लोक तिला नावं ठेवतात. पण 21 दिवस अंड्यांवर बसून पिल्लं काढणारं यंत्र विजेशिवाय चालतं ते हेच. जडांची अंडी गावठीखाली ठेवा. आत्ये बहुतेक तेच करत असणार.

कोण अंडी देते आणि कोण नुसतीच खाते हेही त्या रात्रीच पाहून घ्या. शेपटीखाली दोन बाजूंना जी टोकदार हाडं लागतात, त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज बसली आणि तुरा लाल, मऊ असेल तर ती देते. हाडं जवळजवळ आणि तुरा सुकलेला असेल तर थांबलेली आहे. लगेच सुरीकडे धावू नका, पिसं झडण्याच्या दिवसांतही असं होतं.

आता मूळ प्रश्न, कारण तुमच्या परसातली सगळी भानगड सात कोंबड्यांची आहे, जातींची नाही. एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या हे साधारण प्रमाण. तुमच्याकडे एकामागे जेमतेम दोन पडतात. पाठी उघड्या पडल्या त्या यामुळेच: सातही जण त्याच लाडक्या तिघी-चौघींवर चढतात आणि नख्यांनी पिसं उपटली जातात. त्या तिघींना दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा. जखम झाली असेल तर मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन हळद लावा. चुरगळलेली पिसं पुढच्या वेळी झडून नवी येतील. अंड्यांसाठी तर एकही कोंबडा लागत नाही. कोंबडी त्याच्याशिवायही घालतेच, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. पिल्लं हवी असतील तर 15 कोंबड्यांना दोन कोंबडे पुरे.

कोणते दोन, हे ठरवताना तुरा आणि रंग पाहून भुलू नका. पुढच्या वर्षीच्या प्रत्येक पिल्लात अर्धा वाटा या दोघांचा असणार. एक सकाळ चहा घेऊन पायरीवर बसा आणि मूठभर कणी एका कोपऱ्यात टाका. चांगला कोंबडा ती आधी खात नाही. चोचीने उचलतो, टाकतो, टुकटुक करून कोंबड्यांना बोलावतो. जो एकटाच खाऊन टाकतो तो बाद. मग आभाळाकडे लक्ष द्या. शिकरा किंवा घार दिसली की राखणारा कोंबडा लांब, बारीक शीळ घातल्यासारखा आवाज काढतो आणि सगळ्या कोंबड्या केळीखाली पळतात. मुंगूस किंवा कुत्रा दिसला की आवाज वेगळा, मोठा आणि तुटक कलकलाट. हे दोन इशारे वेगळे असतात आणि कोंबड्यांना ते कळतात. कुळागराला, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेला, लागून घर असेल तर या गुणाची किंमत पाच हजारांपेक्षा जास्त आहे. तिसरं, तो कोंबडीभोवती पंख खाली सोडून फेर धरतो, की धावत येऊन मान पकडतो. दुसऱ्या प्रकारचे बहुतेक कोवळे असतात, काही म्हातारपणीही तसेच राहतात. शेवटी हातात घेऊन पाय सरळ आहेत, बोटं वाकडी नाहीत, डोळे स्वच्छ आहेत, एवढं तपासा.

तुमच्या वर्णनावरून मी लाल-काळ्याला पहिली संधी देईन. सातात उघड्या मानेचा एखादा असेल तर दुसरा तो. उंच असीलवाला ठेवायचा मोह होईल, पण त्याचे मुलगे चार-पाच महिन्यांचे झाले की एकमेकांना रक्तबंबाळ करू लागतील आणि मुली अंडी कमी देतील. शिवाय हे सातही जण बहुधा तुमच्या कोंबड्यांचेच भाऊ किंवा मुलगे आहेत. म्हणून ठेवलेल्या दोघांपैकी एकाची वर्षभरात लांबच्या वाड्यावरच्या कोंबड्याशी अदलाबदल करा. आलेल्याला तीन आठवडे वेगळा ठेवून मगच आत सोडा.

बाकीचे पाच एकेक करून हलवू नका. एक गेला की उरलेल्यांत पहिला कोण, याचं भांडण नव्याने सुरू होतं. एकाच दिवशी पाचही काढा. आठवड्याभरात परस शांत होईल. कुठे काढायचे? म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहे, वाड्यावर गिऱ्हाईकं आहेत, तुमची स्वतःची चूल आहे. काहीही करा, पण श्रावण लागण्याआधी. नंतर गणेश चवथ होईपर्यंत हिंदू घरांतून कुणी विचारणार नाही आणि पाच कोंबडे दिवसाला अर्धा किलोहून जास्त दाणा फस्त करत राहतील. जून कोंबड्याची शागोती मंद आचेवर भरपूर वेळ घेते. कुकरच्या तीन शिट्ट्यांत तो शिजला असं कुणी सांगितलं तर तो कोंबडा जून नव्हता. मारायला मन होत नसेल तर कोंबड्या नजरेआड राहतील अशा जागी सगळे नर एकत्र ठेवता येतात. मादी दिसत नसली की ते पुष्कळ निवळतात. खर्च मात्र चालू राहतो, आणि आवाजही.

आवाजावरून शेजाऱ्यांकडे येते. कोंबडा उजेड बघून आरवतो हा समज अपुरा आहे. जपानी संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की अंधुक उजेडात कोंडून ठेवलेले कोंबडेही ठरावीक वेळी, पहाटेच्या आधीच आरवतात. घड्याळ त्यांच्या अंगात असतं. 2015 मध्ये त्यांनाच आणखी दिसलं की आधी म्होरक्या आरवतो, मग उरलेले मानाच्या क्रमाने; म्होरक्याला काढलं तर दुसऱ्या नंबरचा सुरू करतो. म्हणजे सगळ्यात मोठ्याने ओरडणारा विकून तुम्हाला शांतता मिळणार नाही. साताचे दोन झाले की कोरस तेवढा कमी होईल. खुराडं बंगल्याच्या बाजूने असेल तर घराच्या दुसऱ्या अंगाला हलवा, रात्री कोंबडे बसतात त्या कप्प्याचं छत बुटकं करा म्हणजे मान पूर्ण ताणता येणार नाही, आणि सात वाजेपर्यंत दार उघडू नका. वारा मात्र खेळता ठेवा. आठवड्याला सहा अंडी त्या बंगल्यात पोचवा. गावात बंगला बांधून कोंबडा आरवतो म्हणून तक्रार करणं मला स्वतःला पटत नाही, पण शेजार तुम्हाला करायचा आहे, मला नाही.

पाच हजारांच्या माणसाला नाही म्हणा. उंच कोंबड्याला मांसासाठी कुणी एवढे पैसे देत नाही. पायाला काती, म्हणजे धारदार पातं, बांधून झुंजीत उतरवायला देतात. पशुपक्ष्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात अशा झुंजी लावणं, त्यासाठी जागा देणं हा गुन्हा आहे, आणि कोंबडा कुणाच्या परसातून आला हे गावात सगळ्यांना माहीत असतं.

राखणदाराच्या कोंबड्याचा निवाडा मी करणार नाही. आत्येच्या वयाची एखादी शेजारीण आणि तुमच्या वाड्याचा घाडी (देवाला गाऱ्हाणं घालणारा) किंवा गावकर, या दोघांना विचारा. बोललेलं काय होतं ते त्यांतल्या एकाला ठाऊक असतं. कोंबडाच द्यावा लागतो की नारळ आणि रोट (जाड भाकरी) चालतो, हेही तिथेच कळेल. तोवर पाचांतला एक राखून ठेवलात तर कुणाचं बिघडणार नाही, फक्त तो पांढरा नसावा एवढं मुलीच्या आईने बघावं.

पाऊस तोंडावर आहे, म्हणून एवढं मात्र या पंधरवड्यात उरका. खुराड्याची जमीन चिऱ्यांवर चढवून घ्या, खाली सुकं तूस पसरा आणि ओलं झालं की बदला. ओल्या तुसातच पिल्लांना रक्ती हगवण लागते. तिसऱ्या-खुब्यांच्या शिंपल्या फेकू नका, जाडसर कुटून वेगळ्या करवंटीत ठेवा, अंड्याचं कवच त्यातून बनतं. रात्री दाराला कडी हवी, कारण कांडेचोर, म्हणजे उदमांजर, नुसती फळी सरकवतो. घोरपड किंवा अजगर आत सापडला तर काठी न उचलता वनखात्याला फोन करा. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस तालुक्याच्या सरकारी पशुवैद्याकडे विचारा. ती बाटली बर्फातून आणावी लागते, एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, आणि तिच्यात तुमच्या कोंबड्यांना लागतील त्याच्या कितीतरी पट डोस असतात. तेव्हा वाड्यावरच्या आणखी चार घरांशी बोला, सगळ्यांनी एकच सकाळ ठरवा, आणि आदल्या रात्री कोंबड्या बाहेर झाडावर झोपायला जाणार नाहीत हे पाहा.